घेतली

"हो, घेतली ना. रोज घेतो," मिस्त्री फोनवर म्हणाला.

तो स्टुलावर उभा होता. एका हातात स्वयंपाकघरातल्या ट्यूबचा स्टार्टर, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला आणि मान अशी वाकडी, की बघणाऱ्याचीच मान दुखावी. शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरातली ट्यूब महिनाभर लुकलुकत होती. आज सुट्टीच्या दिवशी बायकोने तोंड उघडायच्या आत त्याने स्टूल ओढलं होतं.

फोनवर इस्पितळातली नवीन मुलगी होती. आवाजावरून नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, दर वाक्याला 'काका' म्हणणारी. कधी घेता, असं तिने विचारलं.

"डबा खाल्ला की. पाण्याबरोबर."

मग तिने चाचरत विचारलं, की घरीसुद्धा घेता का.

"घरी नाही घेत. बायको समोर बसून बघत राहते, मग घशाखाली उतरत नाही. परवाची राहून गेली, म्हणून काल दोन घेतल्या." त्याने स्टार्टर फिरवून पाहिला. "पहिल्यांदा मळमळायचं. आता अंगवळणी पडलंय. खरं सांगू का, आता घेतल्याशिवाय चैन पडत नाही."

मुलीने रडवेल्या आवाजात 'थँक्यू काका' म्हटलं. हिला सर्दी झाली असावी, असं मिस्त्रीला वाटलं. तब्येतीला जप, असं तिलाच सांगून त्याने फोन ठेवला. स्टार्टर मेलाच होता. नवा आणायला तो निघाला, तेव्हा ओल्या कपड्यांची बादली दारातच ठेवलेली होती. बायको ती घेऊन गच्चीवर जायला निघालेली, मग बादली इथे आणि बायको कुठे, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मिस्त्री बादली ओलांडून जिना उतरला.

तो बोलत होता गोळीबद्दल. ही गोळी त्याला मिळाली ती एका मोठ्या इस्पितळातल्या अडकलेल्या लिफ्टमुळे. वर्षभरापूर्वी ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली आणि आत व्यसनमुक्ती विभागाच्या मोठ्या मॅडम अडकल्या. मिस्त्री धावत गेला, दार हातभर उघडलं आणि वाकून आत बघितलं. मॅडमचा चेहरा त्याच्या गुडघ्यांच्या उंचीवर होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "घेऊन आलात का?"

"हो मॅडम," मिस्त्री म्हणाला. "पाना, पक्कड, सगळं घेऊन आलोय."

"ते नाही विचारलं."

मिस्त्रीने पटकन तोंड बाजूला वळवलं. वास हातभर फटीतूनही आत जातो, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बाहेर आल्यावर मॅडमनी कंपनीकडे तक्रार केली नाही. दारूची तलफ कमी करणाऱ्या एका गोळीवर त्यांचा अभ्यास चालू होता, त्यात येता का, एवढंच विचारलं. मिस्त्रीला तो दंडच वाटला आणि त्याने मुकाट्याने मान हलवली. मग तिथल्या सिस्टरनी त्याला बसवून सगळं पुन्हा सांगितलं. निम्म्या लोकांना औषधाची गोळी मिळणार, निम्म्यांना औषध नसलेली साधी, कुणाला कुठली हे सिस्टरनाही ठाऊक नसणार. नको असेल तर आत्ता नाही म्हणा. नाही म्हणायची इतकी मोकळीक त्याला आयुष्यात कुणी दिली नव्हती. त्या नादात तो हो म्हणून बसला.

शाळेत असताना त्याने कधी अभ्यास केला नव्हता, आणि आता तो अभ्यासात होता. कंपनीतले लोक त्याला यावरून छळत. आपली गोळी औषधाचीच आहे, याची त्याला खात्री होती, कारण ती कडू होती. साधी गोळी कडू कशाला करतील, असं तो बायकोला विचारी. म्हणूनच करतील, असं ती म्हणे. या वादात दोघांच्या कितीतरी संध्याकाळी मजेत गेल्या. एरवी संध्याकाळी त्या घरात जे होई, ते आठवावं असं नव्हतं. गोळीने असो, मॅडमच्या धाकाने असो, की दर आठवड्याला येणाऱ्या सिस्टरच्या फोनने, पण मिस्त्रीची सुटली होती. सुटली असं म्हणायला अजून तोच घाबरत होता.

नवा स्टार्टर घेऊन तो परतला तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी किल्ली आणून दिली.

"माझ्याकडे बसल्या होत्या, तुम्ही उतरल्यावर कुलूप लावून लेकीकडे गेल्या," काकू म्हणाल्या. "म्हणाल्या, त्यांना सांगा, मी सगळं ऐकलं."

काय ऐकलं, असं त्याने विचारलं. काकूंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. या जिन्यावरच्या सगळ्या लोकांनी वर्षानुवर्षं त्याच्याकडे तसंच बघितलं होतं, आणि या वर्षात ते बघणं जरा कमी झालं होतं. काकूंनी दार लावून घेतलं.

आत बादली होती तिथेच होती. खुंटीवरची बायकोची पिशवी मात्र नव्हती. ती आदळआपट करणारी बाई नव्हती. गोळी सुरू झाली त्या दिवशी तिने एकदाच सांगितलं होतं, की आता परत घेतलीत तर मी जाईन, आणि गेले की परत येणार नाही. मिस्त्रीने डोक्याला ताण दिला. आज आपण नक्की काय केलं, ते त्याला काही केल्या आठवेना. केलेलं आठवत नाही, ही त्याची जुनी सवय होती, आणि शुद्धीत असताना ती फारच भयंकर वाटत होती.

तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. त्यांचा आवाज एरवी भिंतीपलीकडे जाई. आज तो अगदी मऊ होता.

"मिस्त्री, कोणी रागावणार नाही. माणूस घसरतो, परत उभा राहतो. उद्या या, आपण बोलू."

"मी कुठे घसरलो?"

"तुम्हीच सांगितलंत ना पोरीला. डब्यानंतर घेता, बायकोला चोरून घेता. काल तर दोन घेतल्यात."

"सिस्टर," तो म्हणाला, "गोळी. गोळी घेतली."

मग फोन त्या मुलीच्या हातात गेला आणि ती रडायलाच लागली. कागदावर दोन स्वच्छ प्रश्न होते, गोळी घेतली का आणि दारू प्यायलात का. पहिला ती घाईघाईत विसरली. दुसरा विचारायचा म्हणजे वडिलांच्या वयाच्या माणसाला तोंडावर दारू म्हणायचं, तर तिची जीभ उचलेना. म्हणून तिने नुसतं 'घेतली का' विचारलं. मिस्त्रीला तिचा राग आला नाही. तो शब्द त्याच्या घरातसुद्धा कुणी कधी उच्चारला नव्हता. दार उघडून बायको 'घेतली?' असं विचारी, चौकट धरून तो 'नाही' म्हणे, आणि ते 'नाही' जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाई. त्याने मुलीची समजूत घातली. सिस्टरनी परत फोन घेतला आणि एकदम दोन गोळ्या घ्यायला कुणी सांगितलं होतं, त्याचं वेगळं भांडण उद्या करू, असं बजावलं. मग विचारलं, की मी स्वतः वहिनींशी बोलू का.

"नको," मिस्त्री म्हणाला. "माझ्या वतीने तिला फोन करणारी माणसं खूप झाली."

ते खरंच होतं. मिस्त्री आमच्याबरोबर होता, त्याने थेंबही घेतला नाही, असं त्याच्या दोस्तांनी तिला किती वेळा गळ्याची शपथ घेऊन सांगितलं असेल. शपथ घेताना त्यांच्या जिभा जड झालेल्या असत.

बसस्टॉपच्या वाटेवर ते दुकान होतं. मिस्त्री वर्षभर समोरच्या फुटपाथवरून जात असे. आज तो तंद्रीत याच बाजूने आला आणि थेट दारासमोर थबकला. दुकानदाराने त्याला ओळखलं आणि हसून मान हलवली. हे वर्ष त्याने जीव मुठीत धरून काढलं होतं, कामावरच्या लोकांत बसणं सोडलं होतं, हात थरथरायचे तेव्हा ते मांडीखाली दाबून धरले होते. आणि त्या सगळ्यावर एका शब्दाने पाणी पडलं होतं. न घेता नाव झालं, मग घेऊन झालं तर काय बिघडलं, हा विचार त्याच्या मनात आला आणि चांगला ऐसपैस बसला. कडू गोळी त्या वेळी काय करत होती, कोण जाणे.

त्याला वाचवलं ते एका भलत्याच गोष्टीने. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं खरं होतं. बायकोपुढे, लेकीपुढे, जिन्यापुढे त्याची बाजू आज पहिल्यांदाच चोख होती, आणि एक घोट घेतला की ती खोटी पडणार होती. सकाळचं 'घेतली' मागाहून खरं ठरणार होतं. इतकी वर्षं खोटं बोलण्यात घालवलेल्या माणसाला ही संधी सोडवेना. दुकानदाराला हात करून तो पुढे गेला आणि बसमध्ये बसला.

लेकीच्या घरी त्याला यायला बंदी होती. तिच्या सासूसमोर त्याने एकदा जो तमाशा केला होता, त्यानंतर लेकीने सांगितलं होतं, की बाबा, पैसे मागा, दवाखान्यात नेते, पण या घरी येऊ नका. मिस्त्रीने बेल वाजवली आणि दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला. लेकीने दार उघडलं. ती दारातच उभी राहिली.

त्याने सगळं सांगितलं. नवी मुलगी, शरमेने गाळलेला शब्द, डबा, पाणी, दोन गोळ्या. सांगता सांगता त्याच्याच लक्षात आलं, की हे किती रचलेलं वाटतंय. पूर्वी त्याने याहून कितीतरी पटण्यासारख्या गोष्टी सांगितल्या होत्या.

"छान आहे, बाबा," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "या वेळी निदान नवीन आहे."

"सिस्टरना विचार. नंबर देतो."

"त्याची गरज नाही," आतून बायकोचा आवाज आला. ती हात पुसत बाहेर आली. चेहरा सुजलेला होता. तिने लेकीला बाजूला व्हायला सांगितलं, पण लेक हलली नाही.

"अगं, मला मघाशीच कळलं," बायको लेकीला म्हणाली. "तुझ्याकडे भांडी घासताना कळलं. तुझे बाबा घेऊन आले की काय म्हणायचे?"

"नाही घेतली, म्हणायचे."

"उभं राहता यायचं नाही, तरी?"

"तरी."

"मग? इतक्या वर्षांत हा माणूस पिऊन कधी एकदा तरी 'घेतली' म्हणालाय का?"

लेकीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती दाराला टेकून रडायला लागली. मिस्त्रीला कुठे बघावं ते कळेना, म्हणून तो जिन्याच्या कठड्याचा हललेला खिळा चाचपत राहिला.

कळलं होतं तर मग फोन का नाही केलास, असं त्याने बायकोला विचारलं.

"लाज वाटली," ती म्हणाली. "तुम्ही वर्षभर 'नाही' म्हणत होतात, ते मी जरा बाजूलाच ठेवत होते. आणि 'घेतली' म्हणालात तर मी एका क्षणात विश्वास ठेवला. बादली तिथेच टाकून निघाले."

मिस्त्रीला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. त्याला जमलं नाही. माझ्यावर पटकन विश्वास ठेवायची तुला सवय नाही, एवढंच तो म्हणाला, आणि बायको त्याला 'गप्प बसा' म्हणाली.

लेकीने त्याला आत घेतलं. खुर्चीच्या काठावर बसून तो पाणी प्यायला, जावयाशी हवापाण्याचं बोलला, आणि फार वेळ न लावता उठला, कारण पहिल्याच भेटीत आपण इथे रुळलो असं दिसणं त्याला बरं वाटेना. लेक जिन्यापर्यंत आली. पुढच्या सुट्टीला या, असं तिने आईला सांगितलं, आणि मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दोघंही."

परतीच्या बसमध्ये त्यांना शेजारी जागा मिळाली. ऊन उतरलं होतं. बायको आधी बादलीतले कपडे आंबले असतील म्हणून कुरकुरली, मग त्याची गोळी साधीच आहे यावर थोडं बोलली, आणि बोलता बोलता थांबली. मिस्त्रीने बघितलं तर तिचे डोळे मिटले होते. ती झोपेत जिन्यावरच्या पावलांकडे एक कान ठेवत असे, हे त्याला ठाऊक होतं. कडी वाजायच्या आत ती उठून बसलेली असे. एवढ्या गर्दीत, खडखडणाऱ्या बसमध्ये, दिवसाउजेडी ती त्याच्या शेजारी तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती. डोळे पुसायला मिस्त्रीने हात उचलला. कुणी बघत तर नाही ना, हे त्याने आधी पाहून घेतलं.

त्यांचा स्टॉप आला. लोक उतरायला लागले. कंडक्टरने वळून बघितलं आणि उतरायचं ना, असं खुणेने विचारलं.

"असू द्या," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "पुढची द्या दोन. शेवटपर्यंतची."

बस सुटली. तिची मान घसरून त्याच्याकडे कलली, पण त्याचा खांदा तिच्यासाठी जरा उंच पडत होता. मिस्त्री सीटवर हळूच खाली सरकला आणि गुडघे पुढच्या सीटला टेकवून तसाच अवघडून बसला.