बलकाची चुगली

चष्मा कपाळावर सरकवून तिने उजवा डोळा मनगटाने चोळला आणि आणखी एक अंडं फोडलं. पांढरं निथळू दिलं, बलक नळीत घेतला. बलक म्हणजे पक्का चुगलखोर. कोंबडी पिल्लाला दूध पाजत नाही. ज्या रोगाशी ती स्वतः झुंजली, त्याच्यावरची प्रतिपिंडं बलकात शिदोरीसारखी बांधून देते.

याही नळीत तोच रंग चढला. मानमोडी, पाखराची मान पिळवटून मारणारा रोग.

लस तर या कोंबड्यांना कधी टोचलीच नव्हती. मुद्दामच, म्हणजे रोग आत शिरला तर बलकच सांगेल. प्रतिपिंडाचा एकेक भाग घडवायला कोंबडीकडे जिवंत जनुक एकच. त्याच्या मागे मेलेल्या जनुकांची रांग. जिवंत जनुक त्या मढ्यांचे तुकडे उचलतं, स्वतःला ठिगळं लावतं आणि नाना तऱ्हेची हत्यारं घडवतं. तिच्या कोंबड्यांत ती रांग जगावेगळी लांब होती. हे कुळ वाढवता वाढवता तिचे केस पिकले होते, आणि ते दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"एकही मेली नाही, साहेब," ती म्हणाली. "साध्या शिंकल्यासुद्धा नाहीत. जिंकल्यात त्या!"

"जिंकल्या म्हणजे लढाई झाली ना, बाई?" साहेबांनी नळी उजेडात धरली. "रोग आत आला की सगळ्या मारून शेड रिकामी करायची. नियम तुमच्याच हातचा आहे."

तिने नळी त्यांच्या हातातून घेऊन खाचेत ठेवली.

"आता आला कुठून ते शोधा. वाट सापडली नाही, तर बाकीच्या शेडही जातील. घरी पाखरू नाही ना कुणाच्या?"

"माझ्या घरी मामा आहे फक्त. पोपटासारखा बोलतो, पण पिसं नाहीत त्याला."

साहेब हसले नाहीत.

घरी जाताना ती वाट शोधत राहिली. आत शिरण्याआधी आंघोळ. कपडे, चपला, अंगठी, केसांतली पिनसुद्धा दाराबाहेर. मुंगीलाही शिरायला जागा नव्हती.

मामाने ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं.

"हळू. पाहुणा झोपलाय."

बुटांच्या खोक्यात कबूतर होतं. मान पिळून पार पाठीकडे वळलेली.

"गच्चीत पडलं होतं गं, बरेच दिवस झाले. तुला सांगितलं असतं तर हाकललं असतंस. पण तुझे नियम पाठ आहेत मला! तुझ्या कपड्यांना बोट लावलं असेल तर शपथ."

ती खोक्यावर वाकली. कपडे तर दाराबाहेरच राहत होते.

मामाने कबूतर उचलून सदऱ्याशी धरलं, थोपटलं, पुन्हा खोक्यात निजवलं. मग त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली.

"अगं, डोळा केवढा लाल झालाय तुझा! नीट दिसत नसेल. आण इकडे."

आणि ती शाळेत जायची तेव्हापासून रोज सकाळी करत आला होता तसा, मामाने तिचा चष्मा काढून घेतला, काचांवर हळूच फुंकर घातली आणि सदऱ्याच्या टोकाने मन लावून पुसायला घेतला.