हातभर आखूड

मी पलंग बोलतोय. निजण्याचा नव्हे, दाखवण्याचा. बिल्डरच्या नमुना घरासाठी सुताराने मला मुद्दाम हातभर आखूड केले. पलंग छोटा असला की खोली ऐसपैस दिसते. माझ्यावर गुबगुबीत उशा रचल्या आणि शेजारी पाटी ठेवली, ‘कृपया आडवे होऊ नये.’

बँकांनी कर्ज स्वस्त केले आणि माणसांची रीघ लागली. विक्रेता दोन-तीन कुटुंबांना मुद्दाम एकाच वेळी बोलवायचा. भाव वाढेल म्हणून सगळ्यांना घाई, आणि सगळ्यांना घाई म्हणून भाव वाढे. तयार घरांपैकी निम्मी तर बिल्डरने कुलूप लावून दडवलीच होती. मला या तमाशाची भारी मजा वाटायची.

एकदा एक शिक्षक बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन आला. भाड्याच्या घरात आई आजवर बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत पलंग टाकून झोपत आली होती. ही खोली तिची होणार होती. ती माझ्या कडेला अंग चोरून बसली.

“जरा पडून बघू का?”

“आजी, पाटी वाचा की,” विक्रेता हसत म्हणाला.

“अहो, निदान खोली मोजून तरी घेऊ,” सून नवऱ्याला म्हणाली.

दारात दुसरे कुटुंब येऊन उभे होते. “मोजत बसलो तर हेही हातचं जाईल,” म्हणत शिक्षकाने सही ठोकली.

घर ताब्यात आले. आईचा जुना पलंग आत ठेवला, तर दार लागेना. शिक्षक भांडायला आला तोवर कर्ज महागले होते, गर्दी आटली होती, नमुना घर मोडत होते. भाव मात्र तसूभर उतरला नव्हता, कारण बिल्डरला थांबणे परवडत होते.

“हा फुकट घेऊन जा,” विक्रेत्याने मला थोपटले. “त्या खोलीत बरोब्बर बसतो.”

तेव्हापासून आई माझ्यावर निजते, गुडघे पोटाशी घेऊन. दार नीट लागते.

“भाव चढला की हे विकून मोठं घेऊ,” मुलगा तिची समजूत काढतो.

“आणि मोठ्याचा भाव काय आपली वाट बघत थांबेल?”



परवा सुनेला राहवले नाही. तिने बाहेरच्या खोलीत गादी घातली. “आई, इथे पडा. पाय तरी लांब करा.” म्हातारी आडवी झाली. पाय सरळ होईनात. सुनेने हलकेच ओढून पाहिले, मग तोंड फिरवले.

घर बघायला जाल तेव्हा पाटीकडे बघू नका, खुशाल आडवे व्हा. मला सुताराने आखूड केले. तिला मी केले.