किटलीआत्याची उजवी कूस

मोठ्या माणसांची झाकलेली बाजू चारचौघांत उघडी करू नये, एवढी साधी रीत आमच्या नातीला कळत नाही. शिकली भरपूर. कॉम्प्युटरवर तिची बोटं अशी पळतात की मुंग्यांनी लाजावं. पण मला फळीवरून उचलताना ना विचारलं, ना सवरलं. उचललं आणि सरळ फिरवलं. एकेचाळीस वर्षांत हे धाडस कोणी केलं नव्हतं.

मित्रांनो, रागाच्या भरात ओळख सांगायची राहिलीच. मी एक किटली आहे. जुनी म्हणू नका, मुरलेली म्हणा. अंग अॅल्युमिनियमचं, मूठ काळ्या लाकडाची, तोटी बाकदार. कारखान्यात पत्र्याच्या चकतीला दाबून, ठोकून मला घडवलं. म्हणजे मी मार खाऊन वर आलेली आहे, लाडाकोडात नाही. शिक्षण म्हणाल तर शून्य. वर्तमानपत्राशी माझा संबंध एवढाच, की टेबलाला चटका बसू नये म्हणून ते घडी करून माझ्याखाली घालत. पुढे त्याच वर्तमानपत्रात रोज माझं चित्र येऊ लागलं आणि शिकलेसवरलेले लोक मला वाचू लागले. असो, मोठेपणा सांगायचा माझा स्वभाव नाही.

ज्या घरात आले, तिथला कर्ता पुरुष चित्रकार होता. वर्तमानपत्रात बुटांच्या आणि साबणाच्या जाहिराती काढायचा. त्याची लेक पाच वर्षांची. एका सकाळी बाबांना चहा आपणच द्यायचा म्हणून तिने मला दोन्ही हातांनी उचललं. भरलेली असते तर तिला उचललेच नसते, पण रिकामी होते. तिसऱ्या पावलाला मी निसटले आणि ओट्याच्या कडेवर आपटले. उजव्या कुशीला हा एवढा पोचा पडला. लागलं मला, पण गळा काढला तिने. किटली मेली, किटली मेली, म्हणून घर डोक्यावर घेतलं.

चित्रकाराने मला उचललं, पोचा भिंतीकडे करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "बघ, कुठे काय झालंय?"

मग कागद ओढला. पट्टीने तीन चौकटी आखल्या, शाईत निब बुडवली आणि डाव्या कुशीने मला काढलं. दोन पाय दिले, समोर सहा कप रांगेत उभे केले. शेवटच्या चौकटीत मी कमरेवर मूठ ठेवून कपांना दटावते आहे, "रडलात तर कानाला धरून विसळीन." लेक हसली. तो कागद संपादकांनी पाहिला आणि छापला. किटलीआत्या जन्मली ती अशी, एका पोरीचं रडू थांबवायला.

स्वयंपाकघरात दुसरी किटली आली. मी चित्रकाराच्या टेबलाजवळच्या फळीवर गेले. उजवी कूस भिंतीला, तोटी खिडकीकडे, आणि कोणी हात लावायचा नाही असा हुकूम. त्याने मला हजारो वेळा काढलं, पण प्रत्येक वेळी डाव्या कुशीने. आत्या बाजारात जायची ती सरळ, आणि घरी यायची ती उलट्या पावली, कारण वळली तर दुसरी बाजू दिसेल. वाचकांना वाटे, काय विनोद आहे. पत्रं यायची, मुलं शाळेतून उलटी चालत घरी यायची, त्यांच्या आया मला शिव्या घालायच्या. माझे खरे दिवस होते ते.

मग चित्रकाराचा हात थरथरू लागला, चौकटी बंद झाल्या. नवी किटली रोज घासली जाई, माझ्या अंगावर धूळ. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं.

अशात नातीने बातमी आणली. ती जिथे काम करते, तिथे किटलीआत्याचा चित्रपट होणार, मोठ्या पडद्यावर, सगळ्या घराने बसून पाहायचा. म्हणाली, "आजोबा, आता ती चालणार, वळणार. मला चारी बाजू पाहिजेत. उजवीकडून कशी दिसते?"

"उजवीकडून ती नाही."

"नाही म्हणजे? बाजूच नाही?"

"आहे. काढायची नाही."

चित्रपटवाल्या लोकांनी डावी कूसच उलटवून उजवीकडे लावली. दोन्हीकडून गुळगुळीत. नात म्हणाली, ही आत्या नाही, फुगा आहे. मग ती आली आणि तिने मला फिरवलं. तेच ते धाडस, सुरुवातीला सांगितलेलं.

आजोबांनी तिला सगळं सांगितलं आणि बजावलं, "पोचा दाखवू नकोस. तुझ्या आईला मी सांगितलंय की काही झालं नाही. एवढ्या वर्षांनी तिच्यापुढे मला खोटं पाडणार का?"

नात हो म्हणाली. तिचं हो कसं असतं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चित्रपटाच्या दिवशी मला पिशवीत घालून नेलं. तिकीट काढलं नाही, नातीच्या मांडीवर बसले, तोटी तेवढी बाहेर. एका बाजूला आजोबा, त्यांच्या पलीकडे लेक. पडद्यावर वादळ आलं, कप सैरावैरा पळाले, सगळ्यात धाकटा कप मागे राहिला. आणि आत्या वळली. घराएवढी मी, आणि ताटाएवढा माझा पोचा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटा कप धावत आला आणि त्या पोच्यात अंग मुडपून बसला. असा बसला, जणू मापाने केलेला.

"तिला लागलंय," पुढच्या रांगेतलं एक पोर म्हणालं.

"लागलंय तरी चालतीये," दुसरं म्हणालं, आणि सगळं थिएटर हसलं.

आजोबांनी मान खाली घातली. लेक त्यांच्याकडे झुकली. "बाबा, तो पोचा मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. स्टुलावर चढून बोट घालून बघायचे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मनापासून लपवत होतात. तुमचं मन मोडवेना."

खरं सांगते, मला दोन्हीकडचं माहीत होतं. चिमुकलं बोट माझ्याच कुशीत यायचं ना. पण ज्याचं त्याने सांगावं, आपण पोटात ठेवावं. बाप आणि लेक मग इतके हसले, की मागच्या बाईने गप्प बसा म्हणून सांगितलं.

मित्रांनो, पोचा पडलेलं भांडं भिंतीकडे वळवून ठेवू नका. घासा, वापरा, मुलांच्या हाती द्या. पडेल, पडू द्या. न वापरल्याने जो गंज मनाला चढतो, तो कशानेही निघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने मला खळखळून धुतलं, काठोकाठ भरलं आणि शेगडीवर ठेवलं. एकेचाळीस वर्षांनी, आणि थेंब गळला नाही. नात शेजारी उभी होती. पाण्याला उकळी आली तसा मला कंठ फुटला आणि तोटीतून तिला स्पष्ट सुनावलं:

"मोठ्यांची बाजू अशी न विचारता उघडी करायची नसते, पोरी. केलीस ती केलीस, पण बरी केलीस. आता तोंड बघत उभी राहू नकोस. आच कमी कर आणि आजोबांना पहिला कप दे."