वाणाबरोबरचा कागद

“वाणाला पदर लाव, पण झाकून देऊ नकोस, सुनंदा. घेणारीला दिसू दे आपण काय घेतोय ते.”

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाई मला हे म्हणाल्या होत्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. तरी इथे परदेशात, कनाटा नावाच्या आमच्या उपनगरात दर जानेवारीत हळदीकुंकू करते, तेव्हा त्यांचं हे वाक्य मनात म्हणते आणि मगच पहिलं वाण देते. यंदाही म्हटलं होतं. यंदा वाण म्हणून बुटांना खालून लावायचे बर्फातले काटे दिले. येणाऱ्या बहुतेक बायका पंच्याहत्तरीच्या पुढच्या, आणि दर हिवाळ्यात कुणी ना कुणी ड्राइव्हवेवर पडतंच. काटे सगळ्यांनी उलटसुलट करून पाहिले, बोटाने टोकं चाचपली. वाणाबरोबर एक कागद फिरला, तो मात्र कुणी पाहिला नाही. तो मीच फिरवला होता.

मार्चमध्ये आमच्या मराठी मंडळाची निवडणूक झाली. चारुदत्त पुन्हा अध्यक्ष झाला. वय पंचेचाळीस, सॉफ्टवेअरमधला, बोलण्यात हुशार. त्याच्या पॅनेलमधून माझे यजमान रवींद्र उपाध्यक्ष झाले. पॅनेल एकोणीस मतांनी आलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, चारुदत्तने बेसमेंटमध्ये मिसळ ठेवली होती. रविवारी माझं अळणी असतं, त्यामुळे मी एक केळं घेऊन सोफ्याच्या टोकाला बसले. कुणीतरी विचारलंच, काकू, देवाला मिठाचं एवढं काय वावडं आहे. मी हसले. असल्या प्रश्नांना मी चाळीस वर्षं हसतेच आहे.

पुरुषमंडळींचा वाद रंगात आला होता. आधी भारतातल्या निवडणुका झाल्या. मतदार याद्या, मशीन, कोण विकलं गेलं, कोण घाबरलं. मग अमेरिका झाली. मग इथल्या अल्बर्टा प्रांताला वेगळं व्हायचंय म्हणतात, तर सार्वमत घ्यावं का, देशाची घटना असं करू देते का, यावर दोन गट पडले. लोकशाही म्हणजे काय हे पावावर तर्री ओतता ओतता प्रत्येकाला ठाऊक होतं. यांनी आपली नेहमीची गोष्ट काढली. पंचाण्णव साली क्यूबेकने देशातून फुटावं का या सार्वमताआधी हे ऑफिसला दांडी मारून बसने माँट्रियलला गेले होते, ‘जाऊ नका’ म्हणून सांगायला. हातात झेंडा, डोक्यावर कानटोपी. परत आले ते आवाज पूर्ण बसवून, आणि निकालाच्या रात्री एका टक्क्याच्या फरकाने देश वाचला तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी मी पाहिलं आहे. म्हणून ही गोष्ट मला कितीही वेळा ऐकायला चालते.

मग कुणीतरी विचारलं, आपले एकोणीस आले कुठून? गेल्या वेळी तर पडता पडता वाचला होतात.

चारुदत्तने माझ्याकडे वाटी उंचावली. “ऑल क्रेडिट सुनंदाकाकूंना. तिळगूळ घ्या आणि सही द्या.”

बेसमेंट हसलं. मला कळेना. चारुदत्तची बायको नीलिमा माझ्या शेजारीच होती. कानात सांगावं तसं तिने सांगितलं की हळदीकुंकवाला फिरवलेला कागद प्रॉक्सीचा होता. सही करणारीने आपलं मत चारुदत्तच्या हाती सोपवलं, असा त्याचा अर्थ. तेवीस सह्या. “तुमच्या घरी होतं ना काकू, म्हणून कुणी काही विचारलंच नाही,” ती म्हणाली. कौतुकाने म्हणाली.

जानेवारीत तिने तो कागद क्लिपबोर्डला लावून आणला होता. वरचा भाग दुमडून क्लिपखाली दाबलेला, खाली नुसत्या रेघा. मंडळाला हॉल मिळायचा तर बायकांच्या कार्यक्रमांची हजेरी दाखवावी लागते, असं म्हणाली होती. तिच्याकडे पेन नव्हतं. मी देवघरातलं माझं पेन दिलं. रोज सकाळी मी एकशे आठ वेळा रामनाम लिहिते, त्याचं पेन. आणि मग कुंकू लावून, वाण देऊन, प्रत्येकीसमोर तो क्लिपबोर्ड मीच धरला. सही करा हं, हजेरीची. जयंतीकाकूंच्या दृष्टीच्या मधोमध आता काळा डाग आहे, त्यांना रेघ दिसत नाही. मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं होतं.

केळं माझ्या हातात अर्धं सोललेलं राहिलं. पुढचं चारुदत्त उभं राहून बोलला. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मंडळाच्या घटनेत बदल करण्यासाठी सभासदांचं सार्वमत घ्यायचं. बदल असा की पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठ सभासदांनी कार्यक्रमांना जरूर यावं, पण मत देऊ नये. ते येत नाहीत, गणपूर्ती होत नाही, सगळं अडून राहतं. दोन तृतीयांश मतं लागतील, तीही जमतील. कारण, तो म्हणाला, प्रॉक्सी वर्षभर चालते.

म्हणजे त्या बायकांचं मत त्यांच्याच सहीने काढून घ्यायचं. मला वाटलं आता कुणीतरी चमच्याचा आवाज थांबवेल. कुणी थांबवला नाही. एकजण म्हणाला, जीनियस. हे हसत होते, मान मागे टाकून, दाढेतलं सोनं दिसेपर्यंत. मला शिसारी आली. मी वॉशरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आरशात मीच होते, कपाळावर कुंकू, हातात केळं. त्या हसण्याची जितकी किळस आली तितकीच त्या बाईचीही आली.

गाडीत मी यांना विचारलं, तुम्हाला आधी माहीत होतं का. हे म्हणाले, अंदाज होता. मग म्हणाले, यात बेकायदा काही नाही, आणि त्या म्हाताऱ्यांचं जाणार काय आहे, दरवर्षी आमटी-भात खाऊन घरी जातात.

“तुम्ही त्या बसमधून कशाला गेला होतात?” मी विचारलं.

घर येईपर्यंत वायपर विनाकारण चालू होते.

दुसऱ्या दिवशी नामं लिहायला बसले तर पेनला हात लाववेना. चोवीस वर्षांत नेम चुकला नव्हता, तापातही नाही. शेवटी पेन्सिलीने लिहिलं. मग नीलिमाला फोन करून तो कागद परत मागितला. ती गोड बोलली. काकू, इट्स ऑल लीगल, घटनेतच आहे, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. चारुदत्तने फोन घेतलाच नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्याच दिवशी माझ्या हळदीकुंकवाचा फोटो पडला. खाली लिहिलं होतं, आमची नारीशक्ती.

गुरुवारी मी जयंतीकाकूंकडे गेले. त्या चौऱ्याऐंशीच्या, रिटायरमेंट होममध्ये एका खोलीत राहतात. त्यांचे यजमान डॉक्टर शशिकांत यांनीच चार जणांना घेऊन हे मंडळ काढलं. मी काकूंसाठी मुगाचे लाडू नेले होते. लाडू हातात देण्याआधी सगळं सांगितलं. बोट धरल्याचंही सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की त्यांनी दोनदा, काय म्हणालीस, असं विचारलं, आणि मला ते दोनदा म्हणावं लागलं.

काकूंनी खिडकीकडे तोंड वळवलं. पार्किंगमधला बर्फ काळा पडला होता. मग म्हणाल्या, “घटना यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिली. मी पोळ्या लाटत होते. हे वाचून दाखवायचे आणि मी हं म्हणायचे. एकाच कलमाला मी हं म्हटलं नाही.”

“कुठल्या?”

“प्रॉक्सीच्या. मी म्हटलं, माणूस स्वतः दारात उभा राहिला तर त्या कागदाचं काय करायचं? हे म्हणाले, फाडायचा. तर तसं लिहा म्हटलं. लिहिलंय त्यांनी. बघ जाऊन.”

घरी यांच्या फाईलमध्ये बघितलं. अकरावं कलम, दोन ओळी. सभासद स्वतः हजर असल्यास त्याची प्रॉक्सी रद्द समजावी, आणि मतदान हात वर करून व्हावं. पण हे नंतरचं. त्या वेळी काकूंनी माझ्याकडे मान वळवली. माझा चेहरा त्यांना दिसत नाही, त्या कडेने पाहतात, त्यामुळे माझ्या कानाकडे बघून बोलल्या.

“हात अजून वर जातो माझा. मला नेशील?”

“हो, काकू.”

“नुसतं हो म्हणू नकोस. तू सगळ्यांनाच हळू आवाजात हो म्हणतेस. नीलिमालाही म्हणाली असशील.”

मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी त्यांच्या पायांवर हात ठेवला आणि म्हटलं, नेईन. या वेळी त्यांनी, काय म्हणालीस, असं विचारलं नाही. लाडू मागितला.

त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर मी ते पेन काढलं आणि नामाच्या वहीत, त्या दिवसाच्या नामांखाली, तेवीस जणींची नावं लिहिली. यादी कुणाकडून मागावी लागली नाही. प्रत्येकीला कुंकू मीच लावलं होतं, कोण कुठल्या खुर्चीवर बसली होती हेही आठवत होतं. मग रोज तीन-चार फोन केले. प्रत्येकीला आधी हेच सांगितलं की माझ्या घरी तुम्ही केलेली सही हजेरीची नव्हती, आणि तो कागद मी न वाचता तुमच्यापुढे धरला. एकीने फोन ठेवून दिला. एक म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याच्या खुर्चीसाठी हे सगळं झालं आणि आता पुण्य तू कमावणार वाटतं. बरोबरच होतं, मी ऐकून घेतलं. एकीच्या मुलाने फोन घेतला आणि इंग्रजीत सांगितलं की मॉमला पॉलिटिक्समध्ये ओढू नका. तिघी मुलींकडे बर्नाबी-टोरोंटोला होत्या. पण अकरा जणी येते म्हणाल्या. सहा जणींची सोय त्यांच्या घरून होणार होती. जयंतीकाकू धरून पाच जणींना मी आणायचं ठरलं. गाडीत एका वेळी चौघी मावतात, म्हणजे दोन फेऱ्या.

यांना मी काही लपवलं नाही. फोन स्वयंपाकघरातूनच केले. हे पेपर वाचत असल्यासारखे बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. शनिवारी जेवताना मात्र बोलले. चारुदत्तचा फोन येऊन गेला होता. काकू हे काय करतायत, काका, लोक हसतील, तुमच्या पोझिशनचं बघा. ते सगळं यांनी मला त्याच्याच शब्दांत सांगितलं, आणि मग स्वतःचं म्हणून एवढंच की, उद्या जाऊ नकोस.

“चाळीस वर्षांत मी तुला काही मागितलंय का?” यांनी विचारलं.

खरं होतं. मागितलं नव्हतं, कारण मागायच्या आधीच मी हो म्हणत आले. मी यांना भात वाढला, तूप वाढलं. हो म्हटलं नाही. यांनी ताटावरून उठताना भात तसाच ठेवला. अन्न टाकलेलं मला चालत नाही हे यांना माहीत आहे.

रविवारी पहाटे गोठलेला पाऊस पडून गेला होता. एप्रिल असूनही विंटर टायर काढले नव्हते हे बरं झालं. एकशे आठ नामं लिहून झाली, त्याच पेनने. अध्याय वाचून झाला, तोवर मी बोलत नाही. अळणी वरणभात करून झाकून ठेवला. यांच्यासाठी मीठ घातलेलं वरण वेगळं ठेवलं. सभा दीडला होती. साडेअकराला मी कोट चढवला.

हे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते, सभेचा कोट घालून, टाय हातात. इतक्या लवकर का, असं विचारलं. मी सांगितलं, दोन फेऱ्या आहेत, आणि जयंतीकाकूंना बुटांना काटे लावायला वेळ लागतो. ते काटे मी लावून देणार आहे. या वेळी काय लावतेय ते त्यांना आधी सांगेन.

यांनी टाय एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “निकाल आमच्या बाजूनेच लागणार आहे, सुनंदा. अकराने काही होत नाही.”

“लागू दे,” मी म्हटलं. “त्या अकराजणी तिथे बसलेल्या असताना लागू दे.”

मी किल्ली घेतली. दार हळूच ओढून घेतलं. काचेवर बोटभर बर्फ होता. पुढची काच पूर्ण खरवडली, मागची दिसण्यापुरती. मग गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि ड्राइव्हवेवरून सावकाश मागे घेतली.