फ्लॉपीतली पाऊलवाट

डुमलाव सर नियमाबाहेर शिंकतसुद्धा नसत. अशी माणसं सरकारला मिळतात कुठून, देव जाणे! नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात तीस वर्षं काढलेले सर पेर्लासमोर एक निळी फ्लॉपी धरून उभे होते.

“वाटेबद्दलचा शहाण्णव सालचा ठराव यातच आहे. कागद पुरात गेला. पण ही वाचायला आमच्याकडे यंत्र नाही, आणि जे वाचता येत नाही त्याची नक्कल देता येत नाही.”

“मग फ्लॉपीच द्या मला.”

“दफ्तर बाहेर नेता येत नाही.”

पेर्लाचं डोकंच फिरलं. समुद्राकडे जाणारी वाट नव्या हॉटेलवाल्यांनी फाटक घालून बंद केली होती. तिचे वडील, तातय अंबो, बहात्तराव्या वर्षी जाळं खांद्यावर टाकून रोज अर्ध्या तासाचा वळसा घालत होते. वाट सगळ्यांची आहे हे गावाला तोंडपाठ होतं. हॉटेलवाल्यांना मात्र शिक्क्याचा कागद हवा होता.

तेवढ्यात तिची नजर सरांच्या गणवेशावर गेली. खिशावर हिरव्या दोऱ्यात त्यांचं नाव भरलेलं होतं. तिच्याच दुकानात भरलेलं. तिला हसूच फुटलं.

“सर, हे नाव माझ्या भरतकामाच्या मशीनला कोणी सांगितलं? फ्लॉपीनेच! ते दुसरं काही खातच नाही. त्याच्यासाठी एक म्हातारा कंप्युटर अजून पोसतेय मी.”

सर आपल्याच खिशाकडे बघत राहिले. “पण फ्लॉपी बाहेर...”

“नाही जाणार. कंप्युटर आत येऊ नये, असं कुठं लिहिलंय?”

सरांनी नियमांचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत चाळलं. “नाही लिहिलेलं,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला.

दुपारी कंप्युटरची स्वारी ट्रायसिकल रिक्षातून आली. सगळं ऑफिस तांदळाच्या पिठाचा बिबिंका केक खात भोवती जमलं. फ्लॉपी कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. पेर्लाचा जीव टांगणीला लागला. मग पडद्यावर अक्षरं उमटली: किनाऱ्याची वाट सर्वांसाठी कायम खुली राहील. टाळ्याच टाळ्या! सरांनी ठराव अक्षर न अक्षर उतरवून घेतला, सही केली, शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मॅनेजरने तोंड वाकडं करत फाटकाचं कुलूप काढलं.

आठवड्याने पेर्ला पुन्हा दफ्तरखान्यात हजर. हातात वावभर कापड, त्यावर हिरव्या दोऱ्यात तोच ठराव.

“फाटकावर लावायचाय, सर. यावरही शिक्का मारा.”

“कापडावर?”

“मारू नये, असं कुठं...”

या वेळी सरांनी पुस्तक उघडलंच नाही. शिक्क्याच्या शाईची डबी उघडली.

संध्याकाळी तातय अंबो जाळं घेऊन फाटकापाशी आले. थांबले. कापडावरून सावकाश बोट फिरवलं. डोळे भरले होते, पण थट्टा सुचल्याशिवाय राहिली नाही.

“पोरी, पुन्हा पूर आला तर गं?”

“धुऊन वाळत घालायचं, तातय.”