भेगेपुढं उभा केलेला बीरो

मी बीरो बोलतोय. तुम्ही मला लोखंडी कपाट म्हणाल, पण तंजावूरला लहानथोर सगळे बीरोच म्हणतात. साडेसहा फूट उंची, राखाडी रंग, डाव्या दाराला आरसा. जे घडलं ते शांतपणे सांगायचं ठरवलंय, पण तो रविवार आठवला की आजही माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात.

माझा जन्म जवळच्या पापनाशम गावातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. अखिलाच्या वडिलांनी मला लेकीच्या लग्नात दिलं आणि गवतात गुंडाळून लॉरीवरून मी तिच्या सासरी, तंजावूरच्या करंदै भागात आलो. तिचा नवरा रघुराम सूतगिरणीच्या कचेरीत होता. दोघांचीही घराणी मराठी राजांच्या काळापासून इथली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. त्यांच्या हरिताला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती तमिळमध्येच द्यायची.

पंधरा वर्षं मी त्यांच्या झोपायच्या खोलीत उभा होतो. माझ्या पोटात रेशमी साड्या, घराचे कागद आणि हरिताचं जपून ठेवलेलं पहिलं झबलं. माणसं आरशात फक्त चेहरा बघतात असं तुम्हाला वाटत असेल. रघुराम तर आरशापुढं उभा राहून साहेबाला काय सांगायचं त्याची तालीम करायचा. प्रत्यक्षात त्यातलं निम्मंही त्याच्या तोंडून निघत नसे, हे मला अखिलाच्या हसण्यावरून कळायचं.

मग सत्त्याण्णव साल उजाडलं. गिरणीनं माणसं कमी केली. रघुरामला चेन्नैत मोटारींचे भाग बनवणाऱ्या नव्या कंपनीत नोकरी मिळाली आणि घर विकायचं ठरलं. चेन्नैहून तो एक नवीच टूम घेऊन आला.

“एकेकाला बोलावून दाखवायचं नाही. पेपरांत जाहिरात द्यायची, रविवारी नऊ ते बारा घर उघडं. ज्याला पाहिजे त्यानं येऊन बघावं.”

आठ दिवस घरात कुणाला उसंत नव्हती. भिंतींना चुना झाला, ट्यूबलाइट बदलल्या, जुनी कॅलेंडरं उतरवली. शेजारच्या वत्सलाकडून सोफा मागून आणला. अखिला फरशी पुसायची, आणि ती वाळायच्या आत रघुराम पुन्हा पुसायला लावायचा.

पण मागच्या खोलीची भिंत कुणाचं ऐकेना. तिला कमरेपर्यंत ओल होती आणि तिथून वर बोटभर रुंद भेग गेली होती. तीनदा चुना लावला. चार दिवसांत डाग पुन्हा वर यायचा.

शनिवारी रघुरामनं चार माणसं बोलावली आणि मला ओढत नेऊन त्या भेगेपुढं उभं केलं.

“अहो, हें बरं नव्हे,” अखिला म्हणाली.

“विकणारा आपल्या घराचीं दुखणीं सांगत बसतो कां? अस्के असंच करतात, सगळं गाव करतं.”

“अस्के करतात म्हणून आपण करायचं?”

“मग एक तारखेला मी कामावर जाऊं की भिंत बांधत बसूं?”

अखिला फडकं घेऊन फरशीकडं वळली. माझ्या पाठीला ओल लागली. संध्याकाळी रघुराम माझ्या आरशापुढं आला, केस सारखे केले आणि पुटपुटला, “भिंती? भिंती एकदम घट्ट आहेत, सार.” पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याची नजर आरशातल्या स्वतःवरून ढळली. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण बीरोला पाय असतात ते उभं राहण्यापुरतेच.

रविवारी दारात रांगोळीचं मोठं कोलम, चुलीवर कॉफीचं डिकॉक्शन. नऊ वाजल्यापासून माणसं येऊ लागली. कुणी नळ सोडून पाहिले, कुणी गच्चीवर जाऊन आलं. माझ्याकडं येऊन लोक आरशात डोकावत आणि पुढं जात. प्रत्येक पावलाला वाटे, आता कुणीतरी माझ्यामागं बघणार.

अकराच्या सुमारास ओरत्तनाडुचे एकोजीराव आले. वय सत्तर, नेसायला लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरीशुभ्र वेष्टी. बरोबर सून अंबुजा, पाच महिन्यांची गरोदर. मुलगा गिरीश इथल्याच कॉलेजात शिकवायचा, म्हणून त्यांना तंजावूरला घर हवं होतं. अखिलाच्या तोंडून मराठी ऐकताच एकोजीराव दारातच थांबले.

“आपलीं माणसं! मग मी कशाला बारकाईनं बघूं? तुम्ही सांगाल तें खरं.”

रघुरामनं मान डोलावली.

अंबुजा मागच्या खोलीत आली. खिडकीतून वारा येत होता. ती सरळ माझ्याजवळ आली आणि माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, “बाळाचा पाळणा इथं, या भिंतीला लागून. हा बीरो हलवतां येईल ना?”

“येईल की,” रघुराम घाईनं म्हणाला. “तुम्ही राहायला आलात की...”

“आत्तांच हलवूया,” अखिला म्हणाली.

रघुरामनं तिच्याकडं पाहिलं. ती माझ्या एका कडेला जाऊन उभी राहिली, पदर खोचला आणि एकटीच मला ढकलू लागली. माझे पाय फरशीवर करकरले. मी हातभरही सरकेना. मग रघुराम पुढं आला, दुसऱ्या कडेला लागला, आणि त्यानंच जोर लावला.

भेग उघडी पडली. एकोजीरावांनी ओलीवर तळहात ठेवला, वास घेतला आणि वेष्टीला हात पुसला. “येतों,” एवढंच म्हणून ते सुनेला घेऊन निघून गेले.

एक तारखेला रघुराम एकटाच चेन्नैला गेला. निघताना अखिलाला म्हणाला, “तुझी भिंत तूंच बघ.”

तिनं खरंच बघितली. गवंड्याला बोलावून जमीन खणवली. कपडे धुण्याच्या दगडाखालचं गटार फुटलं होतं, त्याचं पाणी भिंतीच्या पायात मुरत होतं. गटार बदललं, भेग खोदून पक्की भरली, भिंत महिनाभर उघडी वाळत ठेवली. रोज शाळेतून आली की हरिता भिंतीला गाल लावून बघायची आणि ओरडायची, “अम्मा, इन्नुम ईरम!” अजून ओली. एके दिवशी ती काहीच ओरडली नाही. नुसतीच उड्या मारत स्वयंपाकघरात गेली.

जूनमध्ये दाराची घंटा वाजली. अंबुजा आणि एकोजीराव उभे होते.

“आणखी सहा घरं बघितलीं,” अंबुजा म्हणाली. “अस्कींच छान होतीं. पण तिथं कुणींच बीरो हलवला नाही. त्यांच्या भिंतींत काय आहे तें आम्हांला ठाऊक नाही. इथलं तरी ठाऊक आहे.”

अखिलानं कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून रघुरामला फोन केला. चार दिवसांनी तो आला तो मान खाली घालून. पण एकोजीराव घर पुन्हा पाहायला आले, तेव्हा त्यानं त्यांचा हातच धरला. “या, दाखवतों. हा नळ थोडा उलटा फिरवूनच बंद होतो. हें मागचं दार पावसांत फुगतं. ऐप्पसी महिन्यांतल्या पावसांत जिन्याच्या वरच्या पायरीवर ठिबकतं, तिथं बादली ठेवा. आणि ही खिडकी बघा, हिची कडी...”

“पुरे की हो!” अखिला म्हणाली. “आतां ते पळून जातील.”

एकोजीराव खो खो हसले. रघुरामही हसला, आणि कित्येक आठवड्यांनी त्यानं बायकोच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

घर एकोजीरावांनी घेतलं. चेन्नैच्या फ्लॅटचा जिना अरुंद होता, मी त्यातून वर गेलो नसतो. अखिलानं मला अंबुजाकडंच ठेवलं. जायच्या दिवशी तिनं माझा एकेक खण ओल्या फडक्यानं पुसला, झबलं छातीशी धरलं आणि मागं न बघता गेली.

आता माझ्या पोटात दुसऱ्यांचे कपडे आहेत. तरी दाराशी अनोळखी पावलं वाजली की मला अजून तीच धास्ती वाटते. बाबांनो, माझ्यात साड्या ठेवा, कागद ठेवा, रुसवेसुद्धा ठेवा, मी सगळं सांभाळीन. पण कुणाच्या डोळ्यांआड काही दडवायला मला उभं करू नका. मी लोखंडाचा खरा, पण ते ओझं मला पेलत नाही.