छत्तीस ओळी

“काका, लॉगिन होतंय हो, पण पुढे गाडी हलतच नाही,” स्कॅन केंद्रातली मुलगी फोनवर सांगत होती. “शनिवारपासून आमची एकही फाइल तुमच्याकडे पोचलेली नाही.”

रुग्णालयात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. संगणक विभाग सांभाळताना हाताला लागेल ते बंद करून ठेवायची त्यांना सवयच होती. प्रिंटरची शाईसुद्धा त्यांच्या कपाटातून सहजासहजी बाहेर येत नसे.

सोमवारी सकाळी आल्या आल्या त्यांनी स्वतःच जोडणी करून पाहिली. नाव चाललं, पासवर्ड चालला. मग फाइलींची यादी मागितली आणि पडदा ढिम्म. मिनिटभराने जोडणी तुटली. दुखणं कुठे आहे ते त्यांना लगेच कळलं. ओळख पटवायचं दार एक असतं, फाइल आत येते ती दुसऱ्याच दारांनी. शुक्रवारी संध्याकाळी, संगणक-सुरक्षा तपासून गेलेल्या तपासनिसाच्या शेऱ्यावरून, बाहेरच्यांना अडवणाऱ्या फायरवॉलमधली ती दुसरी दारं त्यांनीच बंद केली होती. नंतर लॉगिन करून पाहिलं होतं. फाइल पाठवून पाहिली नव्हती. घरी जायची घाई, दुसरं काय!

केंद्राच्या पत्त्यापुरती दारं त्यांनी उघडली. फाइली भराभर आत आल्या.

मग त्यांनी फायरवॉलची नोंद उघडली. शनिवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांपासून लाल ओळींची रांग लागली होती. दर पाच मिनिटांनी केंद्राचाच पत्ता, तोच नकार. काका पडद्याजवळ वाकले. या ओळी त्यांनी पाहिल्या होत्या. शनिवारी सुट्टी होती, ते घरीच होते. समोर ताट, शेजारी लॅपटॉप. पत्ता कुणाचा ते न पाहताच, कोणी उपटसुंभ आत घुसू पाहतोय असं वाटून त्यांनी बायकोला मुद्दाम हाक मारली होती. “बघ, कसा धडका मारतोय! पण भिंत कुणाची आहे?”

“आधी जेवा,” ती हसून म्हणाली होती.

आत आलेल्यांतल्या पहिल्या फाइलीवर एका बाईचं नाव होतं. काका ते चिठ्ठीवर लिहून वॉर्डात गेले. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाहिली आणि त्यांना बाजूला घेतलं.

“आपलं मशीन बंद होतं म्हणून त्यांना स्कॅनला बाहेर पाठवलं होतं. केंद्रवाले म्हणे पाठवलंय, आम्ही म्हणतोय आलं नाही. तुमच्या खोलीत फोन कोणी उचलेना. शेवटी ड्रायव्हरकडून स्कॅनची सीडी मागवली. त्यात तीन तास गेले. मेंदूत रक्तस्राव होता. ऑपरेशन केलं, पण संध्याकाळी गेल्या.”

“फाइल वेळेवर आली असती तर?”

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. “खोटं कशाला बोलू, काका? मला माहीत नाही.”

वरिष्ठांनी सोपी वाट सांगितली. “तांत्रिक बिघाड लिहा आणि मोकळे व्हा. सहा महिन्यांत निवृत्त होताय, कशाला अंगावर ओढून घेता?”

काकांनी अहवालात स्वतःचं नाव लिहिलं. पण मोकळं काही वाटेना. पाच मिनिटं झाली की मान आपसूक घड्याळाकडे वळे. शेजारी कुणी खिळा ठोकला तरी ते उठून दार उघडत. बाहेर कोणी नसे.

“कोण आहे हो?” बायको आतून विचारी.

“कोणी नाही.” पण उघडलेलं दार लोटायला हात उठत नसे.

गुरुवारी त्या गेलेल्या बाईंचे यजमान कागद न्यायला आले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. काका त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेले, बसवलं आणि शुक्रवारपासूनचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही.

यजमानांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. काकांना वाटलं, आता उठतील, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“ती सारखी विचारत होती,” शेवटी ते म्हणाले, “ ‘फोटो आले का हो?’ मी म्हणायचो, येतायत, येतायत. मला वाटायचं, मी तिच्याशी खोटं बोलतोय.” ते थांबले. “म्हणजे येत होते तर. किती वेळा?”

“सीडी येईपर्यंत छत्तीस वेळा.”

“दाखवा.”

काकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. बारा पाच. बारा दहा. बारा पंधरा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एक चाळीसपाशी बोट थांबलं.

“इथवर ती बोलत होती,” ते म्हणाले.

मग बोट खालच्या ओळीवर गेलं. एकही ओळ ते गाळत नव्हते. काका त्यांच्यामागे, हात जोडून नव्हे, नुसते बाजूला सोडून, उभे राहिले.